तीन इंच कमी

आमच्या दुकानात पोटाची मापं दोन असतात. एक तोंडानं सांगितलेलं आणि एक वहीत लिहिलेलं. दोन्हींत तीन इंचांचा फरक असतो आणि तो फरक माझ्या वडिलांनी घालून दिलेला आहे. राजारामपुरीतल्या आमच्या एका शटरच्या दुकानात गिऱ्हाईक उभं राहिलं, की टेप फिरवणारा मापं मोठ्यानं सांगतो आणि काउंटरमागं बसलेलं माणूस ती लिहून घेतं. छाती, खांदा, बाही, गळा, सगळं जसंच्या तसं. पोट तेवढं तीन इंच कमी सांगायचं आणि लिहिणाऱ्यानं गुपचूप तीन मिळवून लिहायचं. "चार माणसांत कुणाचं पोट उघडं पाडायचं न्हाई," आबा म्हणायचे. त्यांच्या वेळी आई लिहायची, आता माझी बायको लिहिते.

पोटाचं माप घेणं तसं सोपं नाही. टेप पोटाला लागला की भला भला माणूस श्वास आत ओढतो आणि तसाच धरून ठेवतो. त्या वेळी दुकान एकदम गप्प होतं. बाकावर बसलेले दुसरे लोकही उगाच श्वास धरतात, हे मी कितीदा पाहिलंय. अशा वेळी काहीतरी विचारायचं, ही आबांची युक्ती. "पावणं, गाव कुठलं?" उत्तर द्यायला माणसाला श्वास सोडावाच लागतो, पोट जागेवर येतं, आणि तेवढ्यात आकडा बघून घ्यायचा.

पोट छातीपेक्षा जास्त भरलं तर वहीत त्या आकड्यापुढं छोटा गोल काढायचा. गोल म्हणजे कापताना पुढच्या भागाला जादा कापड सोडायची खूण. ते असं सोडायचं, की बटणं ताणत नाहीत आणि अंगात घातल्यावर पोट आहे हे बायकोलासुद्धा कळत नाही. रेडिमेडच्या जमान्यात आमचं दुकान टिकलं ते या गोलावर.

हे सगळं सांगतोय ते माझ्या थोरल्या भावासाठी. दादाचं पोट अडतीस इंच होतं आणि त्याला ते पस्तीस वाटत होतं. तसं वाटायला मी लावलं होतं. ते काढून टाकायला मला जवळजवळ तीन आठवडे मिळाले होते.

दादाला कुणी जाडा म्हटलं असतं तर लोक हसले असते. कसबा बावड्यात त्याची उसाची शेती, दारात दोन म्हशी. हातपाय काटकुळे, मान बारीक, गालफडं बसलेली. पण शेत आता ट्रॅक्टर करत होता, तोडायला टोळी येत होती, आणि दादा गाडीवरून बांधापर्यंत जाऊन परत येत होता. खाणं मात्र नांगर धरणाऱ्याचंच राहिलं होतं. सकाळी धारोष्ण दुधाचा तांब्या, दुपारी भाकरीवर लोण्याचा गोळा. पँट तो पोटाखाली बांधायचा, म्हणून पँटच्या वहीत त्याची कंबर वीस वर्षं बत्तीसच राहिली. शर्टाची वही वेगळी. तिच्यात पोट चौतीस, पस्तीस, छत्तीस करत अडतीसवर गेलं होतं आणि छाती छत्तीसलाच थांबली होती. दोन वह्या दोन खणांत. त्या शेजारी ठेवून बघायची कुणाला गरज पडली नव्हती.

खंडेनवमीला आम्ही मशिन, कात्री, गजपट्टी पुजतो. त्याच्या आदल्या दिवशी दुकान झाडून घ्यायचं असतं. बायको घरी सणाच्या तयारीत होती, म्हणून मी एकटाच दुपारी आवरायला बसलो. दिवाळीची शिलाई सुरू झाली होती. दादाच्या शर्टाचं कापड सकाळीच कापून टेबलावर ठेवलं होतं, फिकट निळं, बारीक रेघांचं.

आमच्या दुकानात छताजवळ एक दांडी आहे. शिवून तयार झाले आणि न्यायला कुणी आलंच नाही, असे कपडे तिथं असतात. काही माणसं गाव सोडून गेली, पण बहुतेक गेली ती कायमची. घरच्यांना अशा वेळी टेलरकडचा शर्ट कुठला आठवतोय. आबा ते कपडे कुणाला देत नसत, उसवत नसत. "ज्याचं माप त्याचाच कपडा," एवढंच म्हणायचे. मीही तेच चालू ठेवलं होतं. भिंत पुसायची म्हणून त्या दिवशी मी स्टुलावर चढलो आणि शर्ट एकेक करून खाली घेतले. किती वर्षांनी त्यांना हात लागत होता कुणास ठाऊक.

पहिला घडी घालायला घेतला तर तो टेबलावर सपाट बसेना. पुढचा भाग उचलून येत होता. दाबला, पुन्हा वर आला. दुसराही तसाच. तिसऱ्याला मी इस्त्री फिरवली, तरी कापड पोटाच्या जागी फुगलेलंच राहिलं. मग माझ्या लक्षात आलं, की हे गोलाचे शर्ट आहेत.

मी सगळे चाचपून पाहिले. दोन-तीन साधे होते, ते मी खोटं सांगणार नाही. बाकी सगळ्यांना पुढं जादा कापड होतं. पण घाम फुटला तो पोटांमुळं नाही, बाह्यांमुळं. बाह्या अरुंद होत्या. गळे लहान होते. ही जाडी माणसं नव्हतीच. बारीक हातांची, बारीक मानेची माणसं, आणि मध्ये तेवढं पोट. ज्यांना जन्मात कुणी जाडा म्हटलं नव्हतं, अशी.

मी वळून कापायच्या टेबलाकडं पाहिलं. दादाच्या शर्टाचे तुकडे तिथं सुटे पडले होते. बाही अरुंद, कॉलर लहान, पुढचा भाग रुंद.

मला भीती वाटली. दुपारचे तीन वाजलेले, रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, समोरच्या क्लासची पोरं सायकली काढत होती, आणि मी आपल्याच दुकानात हातात मेलेल्या माणसाचा शर्ट धरून उभा होतो. मग स्वतःवरच चिडलो. खालच्या दांडीला जिवंत माणसांचे गोलाचे शर्ट होतेच की. आमचं एक गिऱ्हाईक ऐंशी पार केलेलं, पोट छातीच्या पुढं चार इंच, अजून गुढीपाडव्याला स्वतः चालत येतं. शर्टानं कुणी मरतं का? असं म्हणत मी सगळे परत वर टांगले. भिंत काही पुसली नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला बावड्यात गेलो. दादा गोठ्याजवळ दोन-तीन शेजाऱ्यांबरोबर बसला होता. उठून मला मिठी मारली, आणि माझ्या अंगाला त्याचं पोट आधी लागलं. घट्ट होतं, दाबलं तर दबेना असं. इतक्या वर्षांत हे मला कधी जाणवलं नव्हतं. बसताना त्यानं उजव्या हातानं डावा खांदा चोळला.

"काय झालं रं दादा?"

"काय न्हाई. पित्त. म्हशीला वैरण टाकली की वाईच दम लागतोय. जरा टेकलं की दोन घटकांत ऱ्हातंय."

"डॉक्टरला दाखवलास?"

"दाखवलंय की. मागच्या म्हैन्यात तालमीत शिबिर हुतं. लाइनीत एक पोरगी टेप घिऊन सगळ्यांची पोटं मोजत हुती. म्हटलं बाई, तुजी टेप ऱ्हाऊ दे, माझा सख्खा भाव टेलर हाय, वीस वर्सं मोजतोय. पस्तीस लिव्ह." तो शेजाऱ्यांकडं बघून हसला. "लिवलं तिनं. त्यांचं साडेपस्तीस का काय हुतं. त्याच्या म्होरं गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी उपाशी बोलावलं, रक्त काढायला, हृदयाची पट्टी काढायला. मी सुटलो. बीपी वाईच जास्त हुतं, पर मी जिना चढून गेलतो न्हवं."

मी आपट्याची पानं हातात चुरगाळत बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. तीन शब्द होते: दादा, अडतीस हाय. पण शेजारी बसले होते, वैनी चहा घेऊन आली होती, आणि मला आबांचं वाक्य ऐकू आलं. चार माणसांत कुणाचं पोट उघडं पाडायचं नाही. आता मला वाटतं, आबांचं निमित्त होतं. दादानं माझ्यावर विश्वास ठेवून आकडा सांगितला होता आणि तो आकडा खोटा आहे हे कबूल करायची मला लाज वाटत होती.

म्हटलं, "शर्ट झाला की दुकानात ये. अंगात घालून बघू. परत माप घितो तुझं, नीट."

"आता माझं काय माप घेतोयस मर्दा, तोंडपाठ हाय की तुला."

"तरी ये. एकटाच ये."

"येतो की. दिवाळीच्या आधीच्या गुरवारी बाजारला यायचं हाय, तवा येतो."

शर्ट मी चार दिवसांत शिवून टाकला. फोन करून सांगता आलं असतं. दोनदा लावलाही. एकदा म्हशीच्या औषधावर बोलणं गेलं, एकदा पुतण्याच्या ॲडमिशनवर. दोन्ही वेळा फोन ठेवताना तो म्हणाला, "गुरवारी येतोय न्हवं." मी गुरुवारची वाट बघत राहिलो.

निळा शर्ट खालच्या दांडीला, अगदी कडेला होता. एकदा बायको मापं उतरवून घेताना थांबली आणि म्हणाली, "अवो, दादांचा शर्ट जरा आत सारा की. कुणीतरी उभं असल्यागत वाटतंय." मी आत सारला. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा कडेला आला होता. गिऱ्हाइकं कपडे बघताना सरकवतात, त्यात नवल नाही, हे मलाही माहीत आहे.

गुरुवारी दुपारी लाइट गेली. पंखा थांबला आणि दांडीवरचे सगळे कपडे हलायचे थांबले. बाकीचे शर्ट हँगरवर मलूल पडले होते. निळा तेवढा पुढं भरलेला दिसत होता, बाह्या दोन्ही बाजूंना बारीक लोंबत होत्या. मी एकटक त्याच्याकडं बघत होतो, आणि खरं सांगतो, त्यानं श्वास धरलाय असं मला वाटलं. टेप लागल्यावर धरतात तसा. मी उठून काहीतरी विचारणार होतो. काय विचारणार होतो, देव जाणे.

तेवढ्यात मोबाइल वाजला. पुतण्या होता. दादा बाजाराला निघताना दारातच बसला होता, घाम सुटला होता, आणि त्याला दवाखान्यात आणलं होतं.

दवाखाना आमच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. दादा आत मशिनच्या घोळक्यात होता. डॉक्टर वयानं लहान, शांत माणूस. वैनीनं पिशवीतून शिबिराचं कार्ड काढून दिलं. त्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "कंबर पस्तीस कुणी मोजली?"

वैनीनं माझ्याकडं बोट केलं. मी म्हटलं, "मी. ती अडतीस आहे."

तो रागावला नाही. त्यानं मला बाजूला बसवून समजावलं. कातडीखालची चरबी चिमटीत येते, ती एवढी वाईट नाही. खरी घातक ती पोटाच्या आत, यकृताभोवती, आतड्याभोवती साठते. ती चिमटीत येत नाही आणि वजनकाट्याला कळत नाही. हातपाय बारीक असले तरी ती असू शकते, आपल्याकडच्या माणसांत तर बरीचदा असते. "आणि ती नुसती पडून राहत नाही," तो म्हणाला. "रक्तात सतत काही ना काही सोडत राहते. त्यानं बीपी चढतं, साखर चढते, रक्तातली चरबी बिघडते. रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असतं, ते सुजतं. त्याच्याखाली थर साठत जातो. एक दिवस तो थर फाटतो, तिथं रक्ताची गाठ धरते आणि वाट बंद होते."

अस्तर म्हटल्यावर मला कळलं. कोटाचं अस्तर आतून गेलं की वरून कोट नवाच दिसतो. गिऱ्हाईक कौतुकानं घालून फिरत असतं.

"तेव्हा खरा आकडा सांगितला असता तर?" मी विचारलं.

"एका आकड्यावर सगळं नसतं. पण रक्त तपासलं असतं, पट्टी काढली असती. गोळ्या सुरू झाल्या असत्या, चालायला लावलं असतं. पोटातली ही चरबी उतरते, चालणाऱ्याची आधी उतरते. वेळ मिळाला असता." मग म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." असं ते सगळ्यांनाच म्हणत असणार.

मला आत सोडलं तेव्हा दादा जागा होता. नळ्यांमधून त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी वाकून त्याच्या कानाजवळ म्हटलं, "दादा, तुझं पोट पस्तीस न्हवतं. अडतीस हुतं. मी कमी सांगत हुतो."

त्याला कळलं की नाही, माहीत नाही. तो हळू म्हणाला, "शर्ट झाला व्हय?" मी हो म्हटलं. शनिवारी सकाळी तो गेला.

दिवाळी आमच्याकडं झाली नाही. निळा शर्ट मी वरच्या दांडीला टांगायला दोनदा स्टुलावर चढलो आणि दोनदा उतरलो. तेराव्यानंतर आठ दिवसांनी वैनी दुकानात आली. गेलेल्या माणसाच्या कपड्यासाठी आजवर कुणी आलं नव्हतं. ती पहिलीच.

"भावजी, ह्यांचा शर्ट झालाय न्हवं? द्या. घरात ठिवते."

मी काढून दिला. तिनं तो काउंटरवर पसरला आणि सवयीनं त्याच्यावरून हात फिरवला. पुढच्या भागावर हात थांबला. तिनं दाबलं, कापड पुन्हा वर आलं. तिनं परत दाबलं. मग दोन्ही हातांनी शर्ट स्वतःसमोर धरला.

"हे एवढं पोट हुतं व्हय त्यांचं?" ती म्हणाली. "मला कसं दिसलं न्हाई?"

न दिसेल असा कापणं हेच माझं कसब होतं. तिनं शर्टाची घडी घालायचा प्रयत्न केला, ती बसेना, शेवटी तसाच छातीशी धरून गेली.

त्यानंतर मी ठरवलं, की पोट खरं सांगायचं. पहिल्याच दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाला मोठ्यानं बेचाळीस सांगितलं, तर तो माणूस म्हणाला, "टेप बदला पावणं, ताणलीया तुमची," आणि कापड उचलून गेला. दुसऱ्याच्या वेळी माझी जीभच वळली नाही. तोंडातून तीन कमीच बाहेर पडलं. काउंटरमागं बायकोनं मुकाट्यानं तीन मिळवले. असे कितीतरी दिवस गेले.

गुढीपाडव्याच्या सुमारास एक दिवस मी जिना चढून घरी गेलो आणि दारात थांबलो. थोडा दम लागला होता. माझा हात आपोआप डाव्या खांद्याकडं गेला. बायको बघत होती. दुसऱ्या दिवशी दुकानात आल्यावर तिनं माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला.

मी वीस वर्षं लोकांना मोजतोय, पण मला कुणी मोजलेलं नाही. माझे शर्ट मी जुन्या शर्टावरून कापतो, घट्ट वाटलं तर अंदाजानं सैल करतो. वहीत माझं पानच नव्हतं. तिनं नवीन पान काढलं, पेन माझ्या हातात दिलं आणि मला आरशासमोर उभं केलं. दारात एक पावणा कापडाची पिशवी घेऊन थांबला होता. तिनं त्याला हातानं थांबायची खूण केली.

छाती झाली, मग टेप बेंबीवरून फिरला. थंडगार होता. मी श्वास आत ओढला आणि धरून ठेवला. दुकान गप्प झालं. वर नजर गेली तर त्या दांडीवरचे सगळे शर्ट माझ्याकडं तोंड करून होते, पुढं भरलेले, बाह्या खाली सोडलेले.

"दुपारला भाकरी करू का भात?" बायकोनं विचारलं.

"भाकरी," मी म्हटलं, आणि पोट जागेवर आलं.

तिनं आकडा पाहिला. आरशातून माझ्याकडं पाहिलं. मग इतक्या वर्षांत ऐकून ऐकून जिभेवर बसलेल्या सुरात मोठ्यानं म्हणाली, "छत्तीस."

मी वहीवर वाकलो. छाती अडतीस लिहिली होती. त्याच्याखाली एकोणचाळीस लिहिलं आणि पुढं गोल काढला. गोल नीट जमला नाही.

"परत सांग," मी म्हटलं. "वहीत लिवलंय ते सांग."

तिचे डोळे भरून आले होते. मग रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिनं सांगितलं, "एकोणचाळीस."

दारातल्या पावण्यानं नकळत पोट आत ओढलं.